नागरी हक्कांचे कायदे: कोल्हापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी २६ जूनची शाहू जयंती जवळ आली की कॉलेजांतून व्याख्यानांची बोलावणी येऊ लागतात. व्याख्यान संपल्यावर मुलं जे विचारतात ते प्रश्न आणि ऑफिसात पक्षकार जे विचारतात ते प्रश्न, असे दोन्ही मिळून हे पान झालंय. मुलांना इतिहास हवा असतो आणि पक्षकारांना उपाय, म्हणून उत्तरांची लांबीही कमीजास्त आहे.

नागरी हक्क म्हणजे नेमकं काय? मूलभूत हक्कांपेक्षा ते वेगळे आहेत का?

व्यवहारात आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्याच्या पुस्तकात मात्र ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ या नावाचा एक स्वतंत्र कायदा आहे. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केल्यामुळे माणसाला मिळणारा कोणताही हक्क, अशी त्यात नागरी हक्काची व्याख्या केली आहे. या पानावर मी जरा सैल अर्थ घेतलाय: पाणवठा, शाळा, दुकान, देऊळ, नोकरी आणि वारसा या ठिकाणी जन्मावरून कुणाला अडवायचं नाही, असं सांगणारे सगळे कायदे.

१९०२ चा शाहू महाराजांचा हुकूम नेमका काय होता?

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो छापून आला. महाराज त्या वेळी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. हुकूम असा: या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतल्या उमेदवारांनी भरायच्या. ज्या कचेरीत या वर्गांचं प्रमाण सध्या ५० टक्क्यांहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच करायची. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे.

भाषणांत एक गोष्ट हमखास सुटते. खातेप्रमुखांनी नेमणुकांचा अहवाल दर तिमाहीला पाठवावा, असंही त्याच हुकुमात होतं. नुसता उदात्त हुकूम काढून कारकुनांच्या भरवशावर सोडायचा नाही, हे त्या वेळी अठ्ठावीस वर्षांच्या राजाला कळत होतं. आजच्या कितीतरी सर्क्युलरांत हे वाक्य नसतं.

देशातलं पहिलं आरक्षण हेच का?

सर्वसाधारणपणे तसंच मानलं जातं. म्हैसूर आणि मद्रासमध्ये अशी पावलं पडायला पुढची दीडेक दशकं जावी लागली.

पण ते फक्त नोकऱ्यांपुरतंच होतं ना?

नाही. खरा धडाका १९१७ ते १९२० मधला. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. १९१८ मध्ये महार वतनं, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात पिढ्यान्पिढ्या करावी लागणारी गावकी, रद्द झाली आणि बलुतेदारीही गेली. ‘गुन्हेगार’ म्हणून शिक्का बसलेल्या जमातींना रोज चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागे, ती हजेरीही त्याच वर्षी बंद झाली. ब्रिटिशांचा गुन्हेगार जमाती कायदा देशपातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाच वर्षं.

१९१९ हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं साल. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सगळ्या मुलांना एकाच शाळेत बसवायचं ठरलं, आंतरजातीय विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला आणि बायकांना क्रूरपणे वागवणाऱ्यांविरुद्धही कायदा झाला. दवाखाने, शाळा, कचेऱ्या, विहिरी, धर्मशाळा इथे शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम निघाले. दवाखान्यांना तर मिरजेच्या अमेरिकन मिशनचा दाखला दिला होता: तिथे रोग्याला जसं वागवतात तसं इथे वागवा. ज्या अधिकाऱ्याला हे जमत नसेल त्याने राजीनामा द्यावा, पेन्शन मिळणार नाही, असंही बजावलं होतं. शब्दापेक्षा पेन्शनची भाषा लवकर समजते, हे त्या हुकुमाच्या मसुद्यावरून स्पष्ट दिसतं.

गंगाराम कांबळेंच्या चहाच्या गोष्टीचा कायद्याशी काय संबंध?

गोष्ट कोल्हापुरात सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात सांगतो. गंगाराम कांबळे हे सरकारी पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केलंच, शिवाय गंगारामांना स्वतःचा धंदा काढायला सांगितलं. भाऊसिंगजी रोडवर त्यांचं चहाचं हॉटेल सुरू झालं. गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले. बरोबरच्या मानकऱ्यांनाही तो चहा घ्यावा लागे. राजा पितोय म्हटल्यावर नाही म्हणायची कुणाची टाप होती?

वकिलाच्या नजरेने पाहिलं तर यात हक्क कुठेच नाही. पाण्याला शिवण्याचा हक्क गंगारामांना कुठल्या कलमाने दिलेला नव्हता. त्यांच्या बाजूने होती ती राजाची मर्जी, आणि ती मर्जी भली होती. मर्जी कितीही भली असली तरी माणसाबरोबर जाते. महाराज ६ मे १९२२ रोजी गेले, वयाची ४८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत. पुढची सगळी कायद्याची कहाणी ही मर्जीतून मिळालेली गोष्ट कोर्टात मागता येईल अशी कशी झाली, याची आहे. गंगारामांनी १९२५ मध्ये महाराजांचं स्मारक उभारलं, ते महाराजांचं पहिलं स्मारक म्हणून ओळखलं जातं.

माणगाव परिषदेचं महत्त्व काय?

२१ आणि २२ मार्च १९२० रोजी माणगावला, म्हणजे आजच्या हातकणंगले तालुक्यात, अस्पृश्य वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, वय २८, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केलेले. दुसऱ्या दिवशी शाहू महाराज आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, अशा अर्थाचं जाहीर बोलले. परिषदेच्या ठरावांत सार्वजनिक रस्ते, विहिरी, तळी, शाळा वापरण्याचा हक्क माणूस म्हणून आम्हाला आहे, ही मागणी आली. दान म्हणून ती मागितलेली नव्हती. घटनेचं १५ वं कलम वाचताना मला माणगाव आठवतं ते यामुळेच.

मग महाडला सत्याग्रह का करावा लागला?

कारण कोल्हापूरचे हुकूम संस्थानाच्या वेशीपर्यंतच चालत. पलीकडे ब्रिटिश मुलूख. तिथे मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला: सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्यांना खुले. महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केलाही. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं आणि परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली.

पुढे जे झालं ते शाळेत शिकवत नाहीत. सवर्णांनी दिवाणी दावा लावला की तळं आमचं खासगी आहे, फार पूर्वीपासूनची रूढी आहे. दावा खालच्या कोर्टातून वर वर जात राहिला. मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला: अशी अनादी रूढी असल्याचं सिद्ध झालेलं नाही. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं लागली! आणि नीट पाहा, निकाल लागला तो पुराव्याअभावी. रूढी सिद्ध झाली असती तर? तेव्हाच्या कायद्यात रूढीला हरवणारं काहीच नव्हतं.

घटनेने यात काय बदललं?

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि वर्षाच्या आत घटना लागू झाली. कलम १३ ने सांगितलं की मूलभूत हक्कांशी विसंगत कायदा त्या प्रमाणात रद्दबातल, आणि कायद्यात रूढीही धरली. महाडच्या दाव्याची मुळंच उपटली गेली.

दुसरा बदल जास्त खोल आहे. कलम १५(२) फक्त सरकारला बांधत नाही. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, तसंच सरकारी निधीतल्या किंवा लोकांसाठी सोडलेल्या विहिरी, तळी, घाट, रस्ते इथे कुणालाही धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून अडवता येत नाही. कलम १७ तर शेजाऱ्यालाही बांधतं. अमेरिकेत १८७५ मध्ये हॉटेलं आणि नाट्यगृहं सगळ्यांना खुली करणारा कायदा झाला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८३ मध्ये तो मोडीत काढला, कारण त्यांची घटनादुरुस्ती फक्त राज्यांना बांधते, खासगी माणसाला नाही. मग १९६० मध्ये ग्रीन्सबरोच्या काळ्या विद्यार्थ्यांना खाणावळीच्या बाकावर ठाण मांडावं लागलं आणि १९६४ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. आपल्याकडे चहाच्या टपरीचा प्रश्न थेट घटनेतच लिहून ठेवला गेला. उपमा द्यायची तर अमेरिकेने घर बांधल्यावर भिंत फोडून दार केलं आणि आपण नकाशातच दार काढलं होतं. त्या दारातून आत जाऊ देतात का, हा भाग वेगळा.

१९५५ चा कायदा आज कुणी वापरतं का?

फार कमी. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियम १ जून १९५५ पासून लागू झाला. १९७६ मध्ये तो कडक करून त्याला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव दिलं. त्यात एक चांगली तरतूद आहे: पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झालं असं कोर्ट गृहीत धरतं आणि तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. पण शिक्षा? एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. शंभर रुपयांत कोल्हापुरात मटणाचं ताटसुद्धा येत नाही.

मग अॅट्रॉसिटीचा कायदा वेगळा का आणला?

कारण विहिरीवरून हाकलणं हा एक गुन्हा झाला आणि विहिरीवर गेला म्हणून घर जाळणं हा दुसरा. अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम १९८९ चा. नियम १९९५ मध्ये आले आणि मोठी दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. जमीन बळकावणं, सामाजिक बहिष्कार, लोकांदेखत जातीवाचक अपमान, मतदानापासून रोखणं, असे गुन्हे त्यात नावनिशीवार आहेत. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, दोषारोपपत्र ६० दिवसांत, खटला विशेष न्यायालयात. कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी नोकरालाही कलम ४ खाली शिक्षा आहे. गुन्ह्याच्या प्रकारानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत अर्थसाहाय्य असतं आणि ते समाजकल्याण खात्याकडून टप्प्याटप्प्याने मिळतं.

२०१८ मध्ये हा कायदा सौम्य झाला म्हणतात, ते खरं का?

झाला होता, टिकला नाही. मूळ प्रकरण आपल्या शेजारचं, कराडच्या सरकारी फार्मसी कॉलेजातलं. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी परवानगी, गुन्ह्याआधी प्राथमिक चौकशी अशा अटी घातल्या. २ एप्रिलला भारत बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कलम १८-अ घालून त्या अटी काढल्या. १० फेब्रुवारी २०२० च्या निकालात न्यायालयाने ते कलम उचलून धरलं. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल तर मात्र अटकपूर्व जामीन मिळू शकतो.

‘खोट्या केसेस फार होतात’ हे वाक्य मला प्रत्येक व्याख्यानानंतर ऐकायला मिळतं. खोटी केस चारशे वीसचीही होते, हुंड्याचीही होते, भावाभावांत बांधावरून तर रोज होते. त्या कायद्यांविषयी कुणी मोर्चा काढत नाही. आरोपी सुटला याचा अर्थ तक्रार खोटी होती असा होत नाही. साक्षीदार गावातलेच असतात आणि त्यांना उद्या त्याच गावात राहायचं असतं.

पोलिस गुन्हाच नोंदवून घेत नसतील तर?

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला या कारणाने परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने हद्दीबाहेरचा गुन्हाही नोंदवून घेणं बंधनकारक केलंय. तरीही टाळाटाळ झाली तर पोलिस अधीक्षकांना लेखी कळवा आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ आहे. अनुसूचित जाती-जमातींना आणि सगळ्या स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं किंवा १५१०० वर फोन करावा.

जात पंचायतीने वाळीत टाकलं तर?

महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे पीडित कुठल्याही जातीचा असला तरी चालतो. मुंबई राज्याने १९४९ मध्येच असा कायदा केला होता. पण दाऊदी बोहरा समाजाच्या सैयदनांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तो आव्हानित केला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर तो रद्द केला. मधल्या अर्धशतकात वाळीत पडलेल्यांनी काय केलं असेल ते केलं असेल.

अंबाबाईच्या गाभाऱ्यात बायकांना जायचा हक्क आहे का?

पुरुष भक्तांना जिथपर्यंत जाता येतं तिथपर्यंत बायकांनाही, हे उत्तर. आधार आहे १९५६ च्या राज्याच्या मंदिरप्रवेश कायद्याचा. तो मुळात दलितांसाठी केलेला, पण भाषा ‘कोणताही वर्ग’ अशी व्यापक. शनिशिंगणापूरच्या प्रकरणात मुंबई हायकोर्टाने १ एप्रिल २०१६ रोजी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि त्याच महिन्यात कोल्हापुरात बायका गाभाऱ्यात गेल्या. साठ वर्षं कायदा होता, कुणी उघडून पाहिला नव्हता. गाभाऱ्यात पुजाऱ्यांशिवाय सगळ्यांनाच बंदी असेल तर मात्र या कायद्याचा भंग होत नाही.

लग्नात खर्च केला, आता बहिणीचा जमिनीत कसला हक्क?

हा प्रश्न भाऊ विचारतात. बहिणी विचारत नाहीत, त्या गप्प बसलेल्या असतात. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर हक्कसोडपत्राला आलेली कुटुंबं पाहा. बहीण नव्या साडीत, भाऊ तिला चहा-वडा देतोय, टाइप करणारा मुलगा विचारतोय, ‘ताई, स्वखुशीने ना?’ आणि उत्तर भाऊ देतोय.

कायदा असा: ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच मुलाइतकी सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतली वाटेकरी, आहे. लग्न झालंय की नाही, याला काही अर्थ नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हे केलं होतं, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने वडील २००५ मध्ये हयात असायलाच हवेत हा समजही निकालात काढला. २० डिसेंबर २००४ पूर्वीच्या नोंदणीकृत वाटण्या मात्र कायम राहतात. सही करण्याआधी दस्त वाचून घ्या, कारण नोंदणीकृत हक्कसोड मोडायची तर फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते.

हेरवाडचा ठराव म्हणजे कायदा का?

नाही, तो ग्रामसभेचा ठराव. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं बंद करायचं ठरवलं. राज्य सरकारने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितलं. मोडल्यास शिक्षा नाही. पण या जिल्ह्यात कायदा नेहमी वरून खाली आलाय, हा एकदा खालून वर गेला, म्हणून मला तो आवडतो.

आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा शाहू महाराजांमुळे आली का?

उलट. महाराजांच्या हुकुमात ५० टक्के हा गाठायचा आकडा होता, ओलांडायचा नाही असा नव्हे. १९५१ मध्ये मद्रासचं जातवार आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं, म्हणून पहिली घटनादुरुस्ती होऊन १५(४) आलं. म्हैसूरच्या बालाजी खटल्यात ५० टक्क्यांच्या आत राहा असं न्यायालय म्हणालं आणि १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात ती कमाल मर्यादा पक्की झाली. मराठा आरक्षण ५ मे २०२१ रोजी याच भिंतीवर आपटलं. आर्थिक दुर्बलांच्या १० टक्क्यांना मात्र २०२२ मध्ये ती भिंत आडवी आली नाही. याची संगती कशी लावायची, हे मुलं विचारतात. मलाही ती पटेल अशी लावता आलेली नाही.

खोली भाड्याने देताना आडनाव विचारतात. काही करता येतं?

राजारामपुरी असो की विद्यापीठाच्या आसपासचा भाग, फोनवर आधी ‘पूर्ण नाव सांगा’ येतं, मग ‘कळवतो’. नकार अस्पृश्यतेच्या कारणाने असेल तर तो १९५५ च्या कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे, कारण राहत्या जागेचा त्यात उल्लेख आहे. धर्मावरून किंवा ‘मांसाहारी नकोत’ म्हणून नकार असेल तर खासगी घरमालकाला बांधणारा सर्वसमावेशक कायदा देशात नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त पारशांना सभासद करणारी गृहनिर्माण संस्थाही वैध ठरवली. तृतीयपंथीयांच्या बाबतीत २०१९ च्या कायद्यात राहत्या घराबद्दल तरतूद आहे. बाकीच्यांसाठी जागा रिकामीच आहे, आणि आपल्या नागरी हक्कांच्या कायद्यातलं सगळ्यांत मोठं भोक मला विचाराल तर हेच.

हायकोर्टात जायला अजून मुंबई गाठावी लागते का?

नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याखाली येतात. घटनेच्या कलम २२६ ची रिट याचिका इथेच दाखल होते. रात्रीची गाडी आणि मुंबईतला लॉज हा खर्च वाचला.

तक्रार करायची तर सोबत काय ठेवावं?

जातीचा दाखला, आधीच्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच, दवाखान्यात गेला असाल तर तिथले कागद आणि घडलं त्याच दिवशी स्वतःच्या हाताने लिहिलेली हकिगत: वेळ, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द काय होते. शब्द शिवीचे असले तरी तसेच लिहा. ‘जातीवाचक बोलले’ एवढंच लिहिलेली फिर्याद कोर्टात लंगडी पडते. मोबाइलमधली ध्वनिफीत किंवा चित्रफीत मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन विकू नका आणि फॉरमॅटही करू नका.